घरचा हौद, निवळीची बी आणि गिरणीतली पांढरी पूड : साठलेले पाणी स्वस्तात राखण्याचा इतिहास

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. चार-चार दिवसांआड येते, कधी त्याहूनही उशिरा. त्यामुळे येथील घराला हौद असतो. हौद नसेल तर न्हाणीघरापाशी पिंपांची रांग असते. पहिल्या दिवशी ते पाणी नितळ दिसते. दुसऱ्या दिवशी तळाशी गाळ बसतो, मग भिंतीला हिरवट बुळबुळीतपणा येतो, आणि पुढे एखाद्या सकाळी उजेडाचा कवडसा पडला की डासांच्या अळ्या वळवळताना दिसतात.

अंगणात पोहण्याचा तलाव बांधणाऱ्यालाही नेमक्या याच गोष्टींना तोंड द्यावे लागते : गाळ, शेवाळ, अळ्या आणि डोळ्यांना न दिसणारे जंतू. निळ्या फरशीचा खासगी तलाव आणि चाळीतला सिमेंटचा हौद यांत रसायनशास्त्र भेद करीत नाही. साठलेले पाणी ते साठलेले पाणी.

घरातल्या स्वस्त वस्तूंनी असे पाणी राखण्याचा इतिहास आपल्याकडे फार जुना आहे. पण त्या इतिहासात एक चूक पुन:पुन्हा घडलेली दिसते. नितळ पाणी म्हणजे निर्धोक पाणी, ही ती चूक. पटकी आणि नारू या दोन रोगांनी तिची किंमत वसूल केली. हा धागा त्या चुकीचा, आणि ती दुरुस्त करणाऱ्या काही अगदी साध्या वस्तूंचा.

आरंभ सुश्रुतसंहितेपासून करावा लागतो. तिच्या सूत्रस्थानातील पंचेचाळिसाव्या अध्यायात गढूळ पाणी निवळवणाऱ्या सात वस्तू दिल्या आहेत. निवळीचे बी, गोमेद, कमळाचा कंद, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती आणि मणी. या यादीतील मोती-मणी राजवाड्यापुरते. सामान्य घराच्या आवाक्यातली होती ती निवळीची बी आणि कापड.

त्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. सुश्रुत ‘कलुष’ म्हणजे गढूळ झालेले पाणी आणि ‘व्यापन्न’ म्हणजे बिघडलेले पाणी यांत फरक करतो. गढूळ पाण्याला वरील सात वस्तू. बिघडलेल्या पाण्याला मात्र अग्नी : ते उकळावे, उन्हात तापवावे, किंवा तापलेला लोखंडाचा गोळा, वाळू वा ढेकूळ त्यात विझवावे. जंतूंची कल्पनाही नसलेल्या काळात हे दोन दोष वेगळे मानले गेले होते. पुढच्या शतकांत हा फरक लोकव्यवहारातून जवळजवळ पुसला गेला.

निवळी हे एका रानटी झाडाचे बी, संस्कृतात ‘कतक’. मराठी नावातच निवळणे आहे. मातीच्या भांड्याच्या आतल्या बाजूस हे बी घासायचे आणि मग पाणी भरायचे, अशी रीत होती. पाण्यातील मातीचे सूक्ष्म कण ऋण विद्युतभाराचे असतात; ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून तळाशी बसत नाहीत. बियांतील द्रव्ये त्या कणांना एकत्र बांधतात, पुंजके जड होतात आणि खाली जातात. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात या बियांवर एक दृष्टान्त आहे : कतकाचे फळ पाणी शुद्ध करते हे खरे, पण नुसते त्याचे नाव घेऊन पाणी निवळत नाही. धर्मशास्त्रकाराला दृष्टान्तासाठी ही वस्तू सुचली, यावरून ती किती घरोघरी असेल याचा अंदाज येतो.

सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत भूगर्भातील पाण्याचा शोध घेण्याविषयी स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यात खराब पाण्याच्या विहिरीत टाकायचे एक चूर्ण आहे : अंजन, नागरमोथा, वाळा, घोसाळे, आवळा आणि निवळी. आजच्या भाषेत ही संपूर्ण जलसाठ्याला द्यायची मात्रा होय. सोलापूरच्या परिसरातील माणसाला यातली बहुतेक द्रव्ये आजही काष्ठौषधीच्या दुकानात मिळतील.

सोलापूर शहराची ओळखच एका तलावाने होते. बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी, बसवेश्वरांच्या या समकालीनाने, लोकांच्या श्रमातून येथे तलाव खोदवला, अशी परंपरा आहे. तलावाच्या मधोमध त्यांचे मंदिर, काठाला भुईकोट किल्ला. कमी आणि बेभरवशाच्या पावसाच्या या मुलखात पाणी साठवणे हेच पुण्यकर्म ठरले, यात नवल नाही. ब्रिटिश काळातही उत्तर तेच राहिले. शहराच्या उत्तरेस हिप्परग्याजवळ एकरूख तलाव १८७१ साली पूर्ण झाला. आज शहराला उजनीच्या जलाशयातूनही पाणी येते, सुमारे शंभर किलोमीटरवरून, नळवाटे. म्हणजे सोलापूरकर नेहमीच साठवलेले पाणी वापरत आला आहे. फरक फक्त तलाव कोठे आहे आणि त्याच्या घरच्या हौदात ते पुन्हा किती दिवस थांबते, एवढाच.

तलाव आणि हौद यांच्यामध्ये उभी राहिली ती गिरणी.

१८७०च्या दशकात सोलापुरात सूतगिरणीचा धंदा आला. लोक पुढे जिला ‘जुनी गिरणी’ म्हणू लागले ती त्याच दशकातली. हातमाग तर त्याआधीपासून होतेच. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराचा पूर्वभाग वसवला. कापडाच्या या धंद्याला पाण्याच्या इतिहासात जागा देण्याचे कारण असे, की हौदात पडणाऱ्या दोन मुख्य वस्तू, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर, मुळात कापडासाठीच्या वस्तू होत.

तुरटीचे काम रंगाऱ्याकडे होते. मंजिष्ठेसारखा वनस्पतीचा रंग सुताला नुसता धरत नाही. तुरटीच्या पाण्यात सूत आधी भिजवले की ॲल्युमिनियम धाग्याला चिकटते आणि रंग त्या ॲल्युमिनियमला. हौदातही तुरटी तेच करते. फक्त रंगाऐवजी गाळ धरते. पाण्यात तिचा फुटीर, कापसासारखा साका होतो आणि तो खाली बसताना मातीचे कण घेऊन जातो. ‘पाण्यात तुरटी फिरवणे’ हा घराघरांतला शब्दप्रयोग. हजार लिटर गढूळ पाण्याला साधारण दहा ते तीस ग्रॅम तुरटी पुरते. बायका दोऱ्याला बांधलेला खडा सात-आठ वेळा फिरवून बाहेर काढतात, तेव्हा हे प्रमाण त्यांच्या हाताला ठाऊक असते.

ब्लीचिंग पावडरची कथा अधिक नाट्यमय आहे. अठराव्या शतकापर्यंत युरोपात कापड पांढरे करायला महिनोन्‌महिने लागत. ते क्षारात उकळायचे, आंबट ताकात भिजवायचे, गवतावर उन्हात पसरायचे. शेले या रसायनज्ञाने १७७४ साली क्लोरिन वायू मिळवला. १७९९ साली ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट याने तो वायू विझलेल्या चुन्यात शोषून घेऊन कोरडी पूड बनवण्याचे पेटंट घेतले. महिन्यांचे काम दिवसांवर आले. जगभरच्या गिरण्यांत ही पांढरी, उग्र वासाची पूड पोहोचली. तिने पाण्यातले जंतू मरतात हे व्यवहारात आणायला मात्र आणखी शंभर वर्षे जावी लागली : इंग्लंडमधील मेडस्टन येथे १८९७च्या विषमज्वराच्या साथीत, आणि अमेरिकेत जर्सी सिटीच्या नळयोजनेत १९०८ पासून कायमची.

मधल्या शंभर वर्षांत पटकी आली आणि गेली आणि पुन्हा आली.

सोलापूर जिल्ह्याच्या पोटातच पंढरपूर आहे. आषाढी-कार्तिकीला लाखोंचा समुदाय, एक नदी, मर्यादित विहिरी. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश आरोग्य अधिकाऱ्यांच्या लेखनात पंढरपूर आणि पटकी ही नावे जोडीने येतात. त्या लेखनात यात्रेकरूंविषयीची तुच्छताही भरपूर आहे आणि ती वगळून वाचावी लागते. पण पाण्याविषयीची चिंता खोटी नव्हती. रॉबर्ट कॉख याने १८८४ साली पटकीचा जंतू कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात दाखवून दिला. त्या तळ्यात लोक अंघोळ करीत, कपडे धूत आणि त्यातूनच पिण्याचे पाणी नेत. म्हणजे पोहण्याचा तलाव आणि घरचा हौद एकच होता. असे तळे, अशी विहीर महाराष्ट्रात गावोगावी होती.

यावर भारतात सर्वप्रथम मोठ्या प्रमाणावर वापरला गेलेला स्वस्त उपाय म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. आग्रा येथील सरकारी रसायनपरीक्षक अर्नेस्ट हँकिन याने १८९०च्या दशकात विहिरींत ते टाकण्याचा पुरस्कार केला. विहीर जांभळट-गुलाबी होई. लोकांना उपाय दिसे, ही त्याची जमेची बाजू. उणे बाजू अशी, की गाळ आणि पालापाचोळाच ते द्रव्य खाऊन टाकी. जंतूंच्या वाट्याला काय उरले हे रंगावरून नीट कळत नसे. पुढे ही पद्धत मागे पडली आणि पिण्याच्या विहिरींसाठी ब्लीचिंग पावडरच शिफारसीत राहिली.

किती पूड टाकायची, हा प्रश्न पहिल्या महायुद्धात सुटला. ब्रिटिश सैन्यातील डॉक्टर विल्यम हॉरॉक्स याने एक पेटी बनवली. सहा पांढऱ्या कपांत पाणी, प्रत्येकात पुडीचे चढते प्रमाण, अर्ध्या तासाने प्रत्येकात आयोडाइड मिसळलेली पिठाची खळ. ज्या पहिल्या कपात निळा रंग उमटला ते प्रमाण पुरेसे. सुताला खळ देणाऱ्या शहराला यापेक्षा ओळखीची परीक्षा कोणती असणार?

महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींत आज या पुडीला ‘टीसीएल’ म्हणतात. ताज्या पुडीत सुमारे ३३ टक्के उपयुक्त क्लोरिन असतो आणि हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम हे प्रचलित प्रमाण आहे. पाच फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल हौदात सुमारे २,२६५ लिटर पाणी मावते. त्याला साधारण सहा ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा पूड लागते. ती थेट टाकायची नसते. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळ तेवढी हौदात ओतायची. मग किमान अर्धा तास थांबायचे.

या क्रमालाही अर्थ आहे. तुरटी आधी, क्लोरिन नंतर. गढूळ पाण्यात आधी पूड टाकली तर ती गाळावरच खर्च होते. परमँगनेटची चूक पुन्हा घडते. तुरटी फिरवून, निवळ झालेले पाणी पुडीविना पिणे ही त्याउलट चूक. सुश्रुताच्या शब्दांत सांगायचे तर कलुषाचा उपाय व्यापन्नावर केला.

आता खुद्द पोहण्याच्या तलावाकडे वळू. कारण स्वस्त उपायांचे परदेशी सल्ले हल्ली मराठीतही फिरत असतात. समजा एका बंगल्यात आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटरहून किंचित कमी खोल तलाव आहे; त्यात सुमारे ३८,००० लिटर पाणी. तेथे क्लोरिनचे प्रमाण लिटरमागे एक ते तीन मिलिग्रॅम राखावे लागते. एक मिलिग्रॅम वाढवायला टीसीएल सव्वाशे ग्रॅमच्या आत पुरते. ऊन क्लोरिनला खाते, म्हणून ही पूड सूर्यास्तानंतर द्यायची. एवढ्यापर्यंत सल्ला आणि वास्तव जुळतात.

खाण्याच्या सोड्याचे मात्र तसे नाही. पाण्याची अल्कता वाढवण्यासाठी तलावात सोडा टाकावा, हा अमेरिकेतला लोकप्रिय सल्ला. तो मृदू पाण्याच्या प्रदेशात योग्य आहे. दख्खनच्या काळ्या खडकातून वर येणारे बोअरचे पाणी मुळातच जड असते. त्यात बायकार्बोनेट भरपूर असतात. शिवाय टीसीएलबरोबर चुना जातोच. अशा पाण्यात सोडा ओतणे म्हणजे समुद्रात मीठ टाकणे. येथे उलट अडचण येते : पाण्याचा सामू ७.८च्या वर चढला की तोच क्लोरिन दुबळा होतो, आणि मालक पूड वाढवत राहतो. परदेशी युक्ती आपल्या मातीत उतरवण्यापूर्वी मातीखालचे पाणी तपासावे लागते, एवढे या प्रसंगी म्हणता येईल.

शेवाळासाठी मोरचूद. द्राक्षे आणि डाळिंबांच्या या जिल्ह्यात शेतकऱ्याच्या घरी मोरचूद आणि चुना असतोच, बोर्डो मिश्रणासाठी. तळ्यांतील शेवाळावर मोरचुदाचा उपाय १९०४ साली अमेरिकी कृषी विभागाच्या शास्त्रज्ञांनी पुढे आणला. मात्रा अतिशय अल्प लागते, आणि जास्त झाली तर मासे मरतात; पिण्याच्या हौदाजवळ तो आणूही नये. संडास धुण्याचे ॲसिड आणि टीसीएल एकत्र येऊ देणे तर जीवघेणे. त्या मिश्रणातून क्लोरिन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रच्या रणभूमीवर सोडला गेला तो हाच वायू.

घरगुती वस्तूंनी जलाशय ‘शुद्ध’ करण्याचा महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग मात्र रसायनाशी संबंधित नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर तेथील सवर्णांनी तळ्याची शुद्धी केली : शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलेल्या १०८ घागरी तळ्यात रिकाम्या केल्या. कोणत्याही आरोग्यशास्त्राच्या मोजपट्टीने त्या दिवशी तळे माणसांच्या ओंजळींनी बिघडले नाही. बिघडले असेल तर त्या घागरींनी. साठ वर्षांपूर्वी, १८६८ साली, जोतीराव फुले यांनी पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. पाणी राखणे या क्रियापदाचे दोन अर्थ या दोन घटनांत समोरासमोर उभे आहेत.

राहिला नारू. आणि येथे पोहणे व पिणे यांची गाठ सर्वांत घट्ट बसते.

गावाकडे पोरे विहिरीतच पोहायला शिकत. कमरेला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून. पायऱ्यांची विहीर, बारव, यासाठी सोयीची. तीच नारूलाही सोयीची. नारूची मादी माणसाच्या पायात वाढते, सुमारे वर्षाने फोड येतो, पाय पाण्यात जाताच ती हजारो अळ्या सोडते. पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा, जेमतेम दिसणारा जीव त्या अळ्या खातो. ते पाणी कोणी प्यायले की पुढील वर्षी त्याच्या पायातून मीटरभर लांबीचा दोरा बाहेर येऊ लागतो. तो तुटू न देता काडीवर रोज थोडा गुंडाळत काढावा लागे. ऐन पेरणीत घरातला कर्ता माणूस महिना-दोन महिने खाटेवर पडे. रोगाने जीव क्वचित जाई. हंगाम हमखास जाई.

या पाण्यावर तुरटी व्यर्थ. पाणी नितळच असे. विहिरीत मासे सोडून सायक्लॉप्स कमी करण्याचे प्रयोग १९३०च्या दशकात म्हैसूर संस्थानच्या चित्रदुर्ग जिल्ह्यात झाले होते. १९८०च्या दशकाच्या आरंभी राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्र हे बाधित राज्यांपैकी एक होते. पायऱ्या बंद करून कठडे आणि रहाट, हातपंप, टेमेफॉस हे औषध. आणि या सर्वांच्या जोडीला घरोघरी सांगितली गेलेली सर्वांत स्वस्त गोष्ट : पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्या. सायक्लॉप्स कापडात अडकतो. भारतातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त घोषित केला. या रोगावर लस नव्हती आणि आजही नाही. सुश्रुताच्या सात वस्तूंपैकी पाचवी, वस्त्र, पुरेशी ठरली.

पटकीवरही कापडाची परीक्षा झाली. बांगलादेशातील खेड्यांत रीटा कॉलवेल आणि सहकाऱ्यांनी बायकांना साडीच्या चार किंवा अधिक घड्यांतून पाणी गाळायला सांगितले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. पटकीचा जंतू पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतो, आणि ते प्राणी घड्यांत अडकतात. उकळण्याची किंवा क्लोरिनची बरोबरी कापड करीत नाही. पण सरपण नाही, पूड संपली आहे, अशा घरात ते अर्धी लढाई जिंकून देते.

त्या अभ्यासात असेही दिसले, की नवी साडी तितकीशी चालत नाही. वारंवार धुतलेल्या सुती कापडाचे धागे पिंजून मऊ होतात, त्यांमधली छिद्रे बारीक होतात आणि गाळणी अधिक घट्ट बसते. सोलापुरात पाणी आल्याची हाक ऐकू आली की नळाच्या तोंडाला बांधले जाते ते असेच जुने, विटलेले फडके. पाणी गेल्यावर ते उलटे करून, खळखळून, उन्हात वाळत घातले जाते.